छापलेला बाप

लेखिकाबाई वर्षभर आमच्या खोलीत येऊन बसायच्या. चहा प्यायच्या, खोदून खोदून विचारायच्या. आणि बाबा, जन्मभर शिलाई मशीनवर वाकलेला माणूस, खुशीत येऊन सगळं सांगायचे. आई शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळल्यावर ते स्वतः हंडा घेऊन नळावर बायकांच्या रांगेत उभे राहायचे. गल्ली त्यांना 'बाईलवेडा' म्हणून चिडवायची. तेही त्यांनी हसत हसत सांगितलं.

मग पुस्तक आलं. आमची खोली, मशीन, बाबांचा लंगडा पाय, सगळं जसंच्या तसं. फक्त बाबा दारुडे! तो हंडा त्यांनी आईच्या डोक्यात घातलेला! अहो, या माणसाने दारूच्या थेंबाला कधी हात लावला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबांची नजर तोवर गेली होती. "वाच की गं," म्हणून ते रोज मागे लागायचे. काय करणार? मी पुस्तक मांडीवर उघडायचे आणि खरं घडलेलं तेवढं सांगायचे. बाबा भलतेच खूश. "बाईंनी नाव काढलं माझं," असं येईल त्याला सांगायचे.

काल मी दूध घेऊन परतले तर बाई आलेल्या. पुस्तकाला बक्षीस मिळालं होतं. बाबा म्हणत होते, "पोरगी रोज वाचून दाखवते. पण ते नळाचं पान एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या."

पुस्तकातलं सगळं बाबांना माहीत आहे असंच बाईंना वाटलं असणार. मी चपला काढेपर्यंत त्यांनी वाचायला सुरुवातही केली. आवाज चढवून, हंडा डोक्यात पडेपर्यंत.

मी पुस्तक हिसकावलं. "आमचं दुःख कमी पडलं होतं का हो, म्हणून पदरचं घातलंत?"

"अगं, ती कादंबरी आहे," बाई गडबडल्या. "वस्तीतल्या बायकांचं दुःख लोकांपर्यंत पोचायला..."

"मग लंगडा पाय कुणाचा घेतलात? लाज नाही वाटली?"

"गप गं," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. बाईंच्या आवाजाकडे तोंड वळवून त्यांनी हळूच विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तेव्हा सगळं लिहून घेतलं होतंत. माझं आताशा विसरायला होतं. मारलं होतं का हो मी तिला?"

"नाही, बाबा! कधीच नाही!" मी ओरडले.

पण ते मला विचारतच नव्हते.