साइमीच्या घोडीला हिवाळी टायर

दरवर्षीची हीच रड. महिनाभर रेडिओवाला घसा कोरडा करतो, की बाबांनो, हिवाळी टायर लावून घ्या. पण रस्त्यावर बर्फाची पहिली काच धरेपर्यंत आमच्याकडे कुणी ढुंगण हलवत नाही, आणि मग एकाच सकाळी अख्खा गाव ओस्मोच्या टायरच्या दुकानात. त्या नोव्हेंबरातही तसंच झालं. कॉफीचं भांडं रिकामं, ओस्मोचं डोकं तापलेलं, आणि अशा गर्दीत म्हातारा तौनो आत आला, टोपी काढून म्हणाला, "ओस्मो, लाल गाडीला हिवाळी टायर हवेत."

अख्खं दुकान खो खो हसलं.

हसणार नाही तर काय? तौनोचा जन्म चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्यात गेला. गाडी त्याला कधी आली नाही. गावातला तो एकच धडधाकट पुरुष, जो आयुष्यभर बायकोच्या शेजारच्या सीटवर बसला. आणि ती लाल गाडी! बुटकी, दोन माणसांची, इंजिन पुढे आणि सगळा जोर मागच्या चाकांना. असली गाडी आमच्याकडे सप्टेंबरात पांघरूण घेऊन झोपते ती मे महिन्यात उठते. तिला हिवाळ्यात बाहेर काढणं म्हणजे नवरीला चिखलात लोळवणं.

"आणि चालवणार कोण, मास्तर? तू?" ओस्मोने विचारलं.

"बघू."

"तुझ्या साइमीचं लायसन्स गेलं ऑक्टोबरात. बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत झाली ही."

 तौनोचे कान लाल झाले, आणि ते पाहून ओस्मोचंही हसू मावळलं. त्याने तौनोला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"काय झालंय?" त्याने विचारलं.

"ती बोलत नाही रे," तौनो म्हणाला. "खिडकीशी बसते. जेव म्हटलं की जेवते, झोप म्हटलं की झोपते. काल म्हणाली, लाल गाडीची जाहिरात दे, विकून टाक. मला शिव्या देऊन किती दिवस झाले तिने! घरात एवढी शांतता मला सोसत नाही. ओस्मो, तळं गोठलं की तू त्यावर पोरांना गाड्या फिरवायला रिंगण काढतोस ना? तिथे लायसन्स लागत नाही. एकदा तिला तिथे त्या गाडीत बसवायचीय. ती गाडी विकली ना, तर तिच्याबरोबर माझी साइमीही जाईल."

साइमीच्या डोळ्यांचं असं झालं होतं, की जिकडे बघावं नेमकं तिथेच धुकं. कडेकडेचं दिसे, मधलं नाही. डॉक्टर म्हणाला, आणखी बिघडणार नाही कदाचित, पण सुधारणार नाही हे नक्की. दुधाचा टँकर चालवून जिने आमच्या उभ्या काइनू प्रांतातले गोठे पालथे घातले, तिच्या हातून एका सहीने चाक काढून घेतलं. घरातली रोजची छोटी गाडी तिने त्याच आठवड्यात भाचीला देऊन टाकली. उरली ही लाल. टँकर सुटला त्या वर्षी तिने ती हौसेने घेतली होती. "जन्मभर मागे दूध वाहिलं. आता मागे काही नको. शेजारी नवरा, बास," असं म्हणाली होती.

ओस्मोने नाक पुसलं. "बरं. मग ऐक. बिनखिळ्यांचे मऊ टायर घे. आवाज नाही, चालायला लोण्यासारखे. आणि गाडीला शोभतील असे रुंद."

"रुंद नकोत."

"का?"

"रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद टायर बर्फ कापतो," तौनो म्हणाला. "हे मी जेवताना इतक्या वेळा ऐकलंय, की झोपेतही सांगेन. आणि बर्फात रुतणारे खिळेवालेच दे. चारही."

"चारही?" ओस्मोच्या मिशा हलल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि यावेळी हसले ते दोघंच.

कारण ती गोष्ट दोघांची होती. पन्नास वर्षं होत आली असतील. तळ्यावरच्या बर्फशर्यतीत पहिल्यांदाच एक मुलगी उतरणार म्हणून सगळा गाव काठावर. साइमीकडे एक खटारा होता, त्याचाही जोर मागच्या चाकांना. तेव्हा गावात सगळ्यांची अक्कल एकच: मागची चाकं ढकलतात ना, मग खिळे मागेच ठोका, पुढे कशाला वाया घालवायचे! हा सल्ला तिला देणारा शहाणा म्हणजे आपला ओस्मो. त्या काळी खिळे घरीच ठोकत. रबर मऊ व्हावं म्हणून साइमीने टायर रात्रभर सौनात, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीत ठेवले, साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक खिळा बसवला, आणि पुढे कितीतरी शनिवार तिच्या घरचे सौनातून बाहेर येत ते जळक्या रबराचा वास घेऊन. आई तिला उभी जाळायला निघाली होती म्हणे.

शर्यतीत गाडी सुटली ती बाणासारखी. पण मागून जोर आहे आणि पुढची चाकं काही पकडतच नाहीत, तर वळणार कशी? साइमीने चाक फिरवलं, गाडीने ऐकलं नाही, आणि ती सरळ जाऊन बर्फाच्या ढिगात छपरापर्यंत घुसली. ढकलायला जे धावले त्यात चर्चचा नवा ऑर्गनवाला होता, पातळ बुटांत, बोटं जपायला जाड हातमोजे घालून. खिडकीतून बर्फ थुंकत ती त्याला म्हणाली, "बघतोस काय, ढकल ना!" त्याने ढकललं. पुढल्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात टायर मांडीवर घेऊन बसायला तोच होता. ती खिळे ठोकायची आणि तो टायर घट्ट धरायचा. चारही टायर. किती वर्षं त्याच्या सगळ्या पँटींना मांडीवर काळे डाग होते, आणि चर्चमधल्या बायका ते बघून कुजबुजायच्या. ते दिवस आठवले की तौनोच्या पोटात अजून ऊब येई. गरिबी होती, थंडी होती, पण घरात सारखी बडबड होती.

टायर रिमवर चढवून तयार झाले. ओस्मो म्हणाला, "घरी येऊन लावून देतो." तौनो म्हणाला, "नको, तुझ्या गाडीचा आवाज ओळखेल ती." मग ढकलायच्या घसरगाडीवर एकेक करत त्याने चारही चाकं घरी आणली आणि साइमी दुपारी लवंडली की शेडमध्ये जाऊन बसवू लागला. त्याच्या बोटांनी आयुष्यात ऑर्गनच्या पट्ट्यांपेक्षा जड काही दाबलं नव्हतं. साल निघाली, अंगठा ठेचला. ओस्मोने बजावलं होतं, "टायरवर बाण आहे. बाण पुढे बघायला हवा." तौनोने प्रत्येक बाण नीट बघून, चाक फिरवून फिरवून बसवलं. शेवटचं चाक लागलं तेव्हा त्याला वाटलं, आपण जग जिंकलं.

मागे वळला तर दारात साइमी.

"लपवाछपवी बरी जमते तुला," ती म्हणाली. "चार दिवस घरात रबराचा वास येतोय. मी आंधळी होतेय, नाकाला काही झालेलं नाही."

"साइमी, ऐक तर..."

तिने ऐकलं नाही. ती गाडीशी आली, वाकली आणि पुढच्या टायरवर तळहात फिरवला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग पुढच्या दुसऱ्यावर. मग मागे गेली. 

"हे कुणी लावले?"

"मी."

"बाण?"

"पुढे आहेत! सगळे पुढे आहेत. मी स्वतः खाली वाकून बघितले."

"खाली वाकून!" साइमी सरळ उभी राहिली, आणि मग जे सुटली! "अरे गाढवा! चाकाचं वरचं अंग पुढे जातं की खालचं? खालचं मागे जातं! नक्षी सगळी उलटी लागलीय, चारही उलटे! इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून काय केलंस, खिडकीतून गाई मोजल्यास? याला म्हणतात पालथ्या घड्यावर पाणी! जॅक कुठाय? तिथे काय पुतळ्यासारखा उभा राहिलास, आण!"

तौनो जॅक आणायला धावला. डोळे पुसायला त्याला तेवढाच वेळ मिळाला. ऑक्टोबरापासून अशी एक शिवी ऐकायला तो आसुसला होता, आणि आज देवाने पोतंभर दिल्या.

डावीकडची चाकं उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. साइमीचे हात बघत होते, तिला डोळ्यांची गरज नव्हती. पण शेवटचा नट आवळून झाला आणि तौनोने तळ्याचा विषय काढला, तशी ती पुन्हा मिटली. पाना खाली ठेवला.

"टायर बदलले म्हणून डोळे बदलत नाहीत, तौनो. वेड्यासारखं करू नकोस. मी कुणाला तरी मारेन."

"रिंगणात दुसरं कुणी नसेल. बघायचं काम माझं. मी सांगेन, तू चालव."

"तू? तुला डावं-उजवं तरी कळतं का?"

"हातांनी एक आणि पायांनी दुसरं वाजवत जन्म गेला माझा," तौनो म्हणाला. "तेवढं कळतं."

 ती हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. डिसेंबर तसाच गेला. जाहिरातीचा विषय मात्र तिने काढला नाही, आणि तौनोने मूग गिळून बसायचं ठरवलं.

जानेवारीत थंडीने कडाका धरला, तळं ट्रक पेलेल इतकं जाड झालं. एका रविवारी न्याहारीनंतर साइमी उठली, गाडी चालवायचे जुने, पातळ तळव्यांचे बूट बाहेर काढले, आणि दारात बसून नाड्या बांधत म्हणाली, "ओस्मोला फोन कर. पोरांना हाकल म्हणावं."

दुपारचा सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकलेला. ओस्मोने गाडी रिंगणाशी आणून उभी केली आणि लांब जाऊन शेकोटीवर सॉसेज भाजायचं नाटक करू लागला. साइमीने सीट पुढे ओढली. चाकावर हात ठेवले आणि तशीच बसून राहिली.  

"भीती वाटतेय," ती म्हणाली.

"मलाही," तो म्हणाला. "सरळ आहे. चल."

खिळे बर्फात कुरकुरले. पहिली फेरी बैलगाडीच्या चालीने. "डावं येतंय, लांबलचक," तौनो सांगे, "आता... आता सोड." दुसरीत ती ओरडली, "मोठ्याने बोल, चर्चमध्ये आहेस का!" तिसरीत तिने पाय दाबला. मागच्या चाकांनी धक्का दिला, गाडीची शेपूट बाहेर निघाली, आणि साइमीने हसत उलटं चाक फिरवून गाडी तशीच तिरकी, सबंध वळणभर वाहत नेली.  तौनोच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या, पण त्याने त्या मिटू दिल्या नाहीत. मिटल्या तर तिला वळण कोण सांगणार? "उजवं! आखूड! अजून, अजून, झालं!" तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता, आणि शेकोटीपाशी ओस्मोने टोपी हवेत फेकली होती.

किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. शेवटी साइमीने गाडी रिंगणाच्या मधोमध थांबवली, इंजिन बंद केलं. काचांवर वाफ धरली. दोघंही धापा टाकत होते.

"तू वळणावर डोळे मिटायचास," ती एकदम म्हणाली. "लग्न झालं तेव्हापासून. प्रत्येक वळणावर."

तौनो दचकला. "तुला माहीत होतं?"

"शेजारच्या सीटवर कोण काय करतंय हे मला कळणार नाही? वाईट वाटायचं मला. वाटायचं, याला मी आवडते, माझं चालवणं आवडत नाही."

"भ्यायचो गं. म्हणून मिटायचो. पण बसायचं तुझ्याच शेजारी होतं, म्हणून रोज बसायचो."

"आणि आज?"

"आज सगळं उघड्या डोळ्यांनी पाहिलं."

साइमीने मान वळवली. थेट नाही, जराशी तिरकी. तशीच तिला आता त्याचा चेहरा दिसे.

"मला आता ते दिसायचं नाही," ती म्हणाली. "सांग ना, कसं दिसतं?"

तौनोने घसा साफ केला. मग त्याने तिचा हात हातात घेतला आणि पहिल्या वळणापासून सांगायला सुरुवात केली. मागच्या चाकांमागून बर्फ कसा उडतो, त्यात ऊन शिरून तो कसा गुलाबी होतो, आणि सगळं तळं कसं हळूच कडेला सरकतं. ती मध्येच त्याला थांबवून विचारत होती, आणि तो पुन्हा सांगत होता.