आराम पडला

गंगूबाईंच्या जांघेजवळ फोड आला, तो त्यांनी फक्त सुनेला दाखवला. फोड हरभऱ्याएवढा, भोवती थोडी लाली. पण गंगूबाई भिंतीला धरून रडत होत्या. बाळंतपणातही तोंडातून शब्द न काढलेली ही बाई एवढ्याशा फोडाने रडते, हे अरुंधतीला ठीक वाटलं नाही. त्यात सासूबाईंना मधुमेह. साधं खरचटलं तरी चिघळायचं.

सासरे दौलतराव होळकरांच्या फौजेत होते. संस्थान गेलं, मध्यप्रदेश झाला, कचेऱ्या भोपाळला गेल्या आणि त्यांच्यामागे मुलगा श्रीकृष्ण, अरुंधतीचा नवरा, तोही नोकरीसाठी तिकडे गेला. दौलतरावांचा हुकूम चालायला आता रामबागेतलं हे घर तेवढं उरलं होतं.

"आबासाहेब, आईंना मोठ्या हॉस्पिटलात नेऊ या," अरुंधती म्हणाली.

"कुठं दुखतंय?"

तिने मान खाली घालून सांगितलं.

"मग तिथं परक्या पुरुषाला दाखवणार? आपल्या घरात असलं चालत नाही. लक्ष्मीकांतला बोलावतो, दवा देईल."

डॉक्टर लक्ष्मीकांत दौलतरावांचे जुने स्नेही. ते पडद्याबाहेर खुर्चीवर बसले.

"पाहिल्याशिवाय कसं सांगू, दौलतरावजी? शक्करवाल्या पेशंटचा भरोसा नसतो."

"पाहायचं काय त्यात? फोडच तर आहे."

डॉक्टरांनी चष्मा पुसला, गोळ्या लिहून दिल्या, शेक घ्यायला सांगितलं आणि चहा पिऊन गेले.

सूज लालीच्या बाहेर पसरत गेली, पार गुडघ्यापर्यंत. ताप चढला. गंगूबाई मधूनच माहेरच्या माणसांना हाका मारू लागल्या. अरुंधतीने पुन्हा विचारलं, तर दौलतराव म्हणाले, "गोळ्यांना टाइम तो द्या ना, सूनबाई."

मग एका सकाळी दुखणं थांबलं.

"आता काही कळतच नाही बघ," गंगूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा होता. "हलकं वाटतंय."

दौलतरावांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू आलं. "आराम पडला. बघा, उगाच घाई करत होत्या तुम्ही." ते लाडू घेऊन खजरान्याच्या गणपतीला निघून गेले.

अरुंधतीने कापड बदलायला घेतलं. मांडी पिकल्या जांभळासारखी काळीनिळी झाली होती, वर गढूळ पाण्याचे फोड, आणि वास असा की तिने तोंड फिरवलं. तिने हलकेच बोट दाबलं. कातडीखाली कुरकुर झाली, आत हवा भरल्यासारखी.

"आई, दुखतंय?"

"कुठं?"

अरुंधती धावत शेजारच्या सखुबाईंकडे गेली. त्यांना हाताशी घेऊन तिने सासूला टांग्यात घातलं. कुणाला विचारायला ती थांबली नाही.

हॉस्पिटलात तपासायला आलेली डॉक्टर बाईच होती. तिने पाय पाहिला, दाबला आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितली.

"एवढं कसं थांबलात?" तिने विचारलं.

"दुखायचं थांबलं, म्हणून घरात वाटलं बरं होतंय."

"नसा मेल्या, म्हणून थांबलं. फोड छोटा आणि दुखणं एवढं, तेव्हाच आणायचं होतं."

मांडीपासून पोटापर्यंत सडलेलं सगळं काढलं, तरी विष रक्तात गेलं होतं. गंगूबाई शुद्धीवर आल्याच नाहीत.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दौलतराव एकच सांगत. "आराम पडला होता हो. हॉस्पिटलवाल्यांनी चिरफाड करून मारलं. मी घरी नव्हतो ना."

चहाचा ट्रे घेऊन आलेली अरुंधती दारातच थांबली.

"आराम पडला नव्हता, आबासाहेब. पाय मेला होता. तुम्ही कुणाला बघू दिलं नाही."

डॉक्टर लक्ष्मीकांत सतरंजीकडे बघत राहिले.

"आत जा," दौलतराव म्हणाले.

ती आत गेली. थोड्या वेळाने सखुबाई स्वयंपाकघरात आल्या. दाराकडे एकदा बघून त्यांनी लुगड्याचा काठ वर केला. टाचेजवळ लहानशी जखम होती, घोटा चकचकीत सुजलेला.

"चप्पल लागली होती. मलाही शक्कर आहे ना. दिसतं एवढंसंच, पण ठणका सहन होत नाही गं."

"आत्ताच्या आत्ता चला. मी येते सोबत."

सखुबाईंनी काठ खाली सोडला. "आत्ता कशी येऊ? आधी ह्यांना विचारते," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून बाहेरच्या बायकांत जाऊन बसल्या.