नाक फुटलेली होडी

मित्रांनो, दचकू नका! भंडारदऱ्याच्या काठावर डांबर वाळवत पालथी पडलेली ही जुनी होडीच तुमच्याशी बोलते आहे. माझं फुटकं नाक पाहून पर्यटक हळहळतात. मला मात्र त्या नाकाचा भारी तोरा आहे!

जवळच्या अकोले गावच्या सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवलं. माझा मालक भीमराज. अलीकडची माणसं पलीकडच्या वाडीला पोचवायची, हे आमचं काम. भाताची पोती, बकऱ्या, नव्या नवऱ्या, सगळं मी वाहिलं. भीमराजची लेक प्रज्ञा माझ्यातच लहानाची मोठी झाली.

आता एक गंमत ऐका. वल्हवणारा काठाकडे पाठ करून बसतो. मग काठ आला हे त्याला कळायचं कसं? समोरचे उतारू गाठोडी उचलून चुळबुळ करू लागले, की वल्ही सैल सोडायची. होडी अलगद टेकते, कुणी म्हातारं माणूस धडपडत नाही. ही रीत प्रज्ञाच्या अंगात पुरती मुरली होती.

पुढे तिच्या दंडातलं बळ पाहून एका प्रशिक्षकांनी तिला नौकानयनाच्या शिबिरात नेलं. तिथल्या होड्या म्हणे काकडीसारख्या सडपातळ. खरं सांगते, माझा जळफळाट झाला. देशाच्या संघासाठी निवडीची शर्यत लागली. प्रज्ञा सगळ्यांच्या पुढे! पण शेवट जवळ येताच काठावरचे लोक उठून ओरडू लागले आणि घात झाला. तिचे हात आपोआप सैल पडले. तेवढ्यात दुसरीने रेषा ओलांडली. प्रशिक्षकांनी बजावलं, "अजून एक संधी देतो. तेव्हाही हात सुटले, तर संघात जागा नाही."

सुट्टीत घरी आलेली प्रज्ञा माझ्या कडेला बसून रडली. "आप्पा, माझे हातच माझं ऐकत न्हाईत."

भीमराजने तिच्या पाठीवर हात ठेवला. बोलली ती दगडाबाई, दही विकायला रोज पलीकडे जाणारी आमची उतारू. "रडती कशाला गं? मी बसते म्होरं. भर पान्यात गाठुडं उचलून बोंब मारते. तू हात सोडायचा न्हाई!"

झालं! दगडाबाई जिथे तिथे "आला गं काठ!" म्हणून ओरडायची. प्रज्ञा दात-ओठ खाऊन वल्हवायची. खरा काठ आला तरी थांबायची नाही. मग मी धाडकन चिखलात आणि दगडाबाई गाडग्यासकट माझ्यात आडवी! "मेले गं बाई! चल, पुन्यांदा!" एके दिवशी मी खडकावर आदळले आणि माझं नाक फुटलं.

प्रज्ञाने वल्ही टाकली. "बास आप्पा. व्हडी मोडंल."

भीमराजने माझ्या फुटक्या फळीवरून हात फिरवला. "फळी नवी बसवता येती, पोरी. तुझी जागा गेली तर ती कुठनं आनू? बस, वल्हव."

मित्रांनो, दुखलं मला. पण इतकं समाधान आधी कधी वाटलं नव्हतं. पुढे फळी नवी बसली, तरी नाकाचं फुटकं टोक मी तसंच मिरवते.

दुसऱ्या संधीत प्रज्ञाला संघात जागा मिळाली. ती परदेशी गेली, काही शर्यती हरली, काही जिंकली. गेल्या वर्षी ती मोठ्या शर्यतीच्या अंतिम फेरीत उतरली, तेव्हा सारी वाडी माझ्याभोवती मोबाईल धरून बसली होती. शेवट आला. तिकडे हजारो लोक उभे राहिले, एकच गलका झाला. भीमराजने डोळे मिटून घेतले. मी श्वास रोखला, म्हणजे होडीला जमेल तसा.

प्रज्ञाचे हात जराही सैल पडले नाहीत. रेषा ओलांडली तरी ती वल्हवतच होती!

दगडाबाई मोबाईलमधल्या प्रज्ञावर खेकसली, "अगं थांब की आता, सोन्याचं पदक घे आधी!"

भीमराज हसता हसता रडला.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना जपा. मोडल्या तर दुरुस्त करा, पण जपायच्या नावाखाली अडगळीत टाकू नका. आम्ही कामाने झिजतो, त्याचं वाईट वाटत नाही. झिजताना कुणी पुढे गेलं, की आम्ही भरून पावतो.