पडवी कुणीकडं काढायची

सकाळी सातलाच मानसिंगराव बांधावर येऊन उभे राहिले आणि माझ्या लक्षात आलं, आजचा दिवस काही सरळ जायचा नाही. हातात काठी, मागं दोन गडी, आणि नजर आमच्या नव्या पत्र्यावर. त्या पत्र्याचं पितळ काल दुपारच्या सरीनं उघडं पाडलं होतं.

माझे मालक आकाराम. सगळे त्यांना हवालदार म्हणतात. सैन्याच्या वर्कशॉपात पंधरा वर्षं ट्रकांची पोटं उघडून बसले, चौसष्टच्या उन्हाळ्यात पेन्शनीत निघाले, आणि कऱ्हाडच्या अलीकडं हमरस्त्याला लागून आमची तीन गुंठे जागा होती तिथं पत्र्याचं गॅरेज उभं केलं. दसरा झाला की ऊसतोड सुरू होणार, कारखान्याच्या गाड्या धावायला लागणार, आणि त्यांच्या दुरुस्तीचं काम यंदा बाहेर द्यायचं ठरलं होतं. कारखान्याची अट एकच: दोन ट्रक एका वेळी छपराखाली उभे राहिले पाहिजेत. गॅरेजात एकच मावत होता. दुसऱ्यासाठी गॅरेजच्या भिंतीला टेकवून एकाच उताराची, एकपाखी पडवी काढायची होती. साहेब आज चार वाजता बघायला येणार होते. पडवी नसेल तर काम इस्लामपूरच्या माणसाला जाणार होतं, आणि मग या गॅरेजात आम्ही कोंबड्या पाळायच्या.

आता पडवी काढायची कुठं? पुढं रस्ता, ती जागा सरकारची. मागं ओढा, त्याची दरड दर पावसाळ्यात हातभर ढासळते. डावीकडं आमचं घर, आणि गॅरेजला अगदी चिकटून माझं सैपाकघर. राहिली उजवी बाजू. तिथं गॅरेजची भिंत आणि मानसिंगरावांच्या उसाचा बांध यांच्यात अकरा फूट मोकळे होते. ट्रक आरामात उभा राहील, चाक काढायला माणसाला जागा उरेल. हवालदारांनी कागदावर पेन्सिलीनं आखलं, चारदा मोजलं आणि खूश झाले.

पंधरा वर्षं छावणीत काढलेला माणूस पागोळी विसरला. छपराच्या कडेवरून पाणी जिथं ठिबकतं, तिथवर जमीन घरवाल्याची, असं आमच्याकडं मानतात. त्यामुळं शहाणा माणूस हद्दीपासून दीड हात अलीकडंच छप्पर थांबवतो. यांनी पडवीची कड नेमकी बांधावर आणली होती. दीड हात सोडावे तर ट्रक मावत होता, पण त्याच्याशेजारी माणूस मावत नव्हता.

आम्ही खांब रोवले त्याच दिवशी मानसिंगरावांनी हरकत घेतली. "आकाराम, पागोळी माझ्या बांधावर पडाय लागली तर उद्या तुझी पोरं म्हंतील बांध आमचा. त्यापरीस घरी ये. पायरीखाली उभा ऱ्हा, चार मान्सांत माग. दीड हात देतो तुला. तुझा बा येत न्हवता व्हय?"

येत होते. माझे सासरे गावकीची कामं करायचे आणि संध्याकाळी त्याच पायरीखाली उभं राहून भाकरी मागायचे. लहानपणी हे त्यांच्या शेजारी उभे असायचे. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो, त्या दिवशी यांनी मनाशी गाठ मारली, आता कुणापुढं हात पसरायचा नाही. मानसिंगरावांनी पायरीचं नाव काढलं तेव्हा हे त्यांच्याकडं पाठ करून पुन्हा खांब ठोकायला लागले. मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

पण अभिमानानं पाण्याची वाट बदलत नाही. यांनी पडवीचा उतारच उलटा केला. उंच कड बांधाकडं, उतरती कड आमच्या भिंतीकडं, आणि तिथं एक पत्र्याची पन्हळ. सांगलीहून आलेला फिटर यल्लाप्पा डोक्याला हात लावून बसला. "हवालदार, गॅरेजचं पानी बी हितंच येनार, पडवीचं बी हितंच. पन्हळ म्हंजी काय क्रिष्णामाई हाय व्हय?"

"ठोक," हे म्हणाले.

काल दुपारी अर्धा तास सर आली. पन्हळ भरून वाहिली आणि सगळं पाणी भिंतीच्या फटीतून आत, उघड्या इंजिनावर. मी घागरीनं उपसत होते, आणि हे भिंतीकडं बघत नुसते उभे होते.

म्हणूनच आज सकाळी मानसिंगराव आले होते. "काय आकाराम, पानी घरातच घेतलंस म्हनं?" गडी हसले. "आजून बी ये. सायेब चारला येनार न्हवं?"

यांनी जबडा असा आवळला की मला दुरून दिसला. यल्लाप्पा हातातला पाना पुसत हळूच म्हणाला, "हवालदार, दोनच वाटा ऱ्हायल्या. उतार भाईर बांधाकडं काढा, न्हाईतर पडवी घराकडं न्या." तो घराकडं म्हणाला आणि सगळ्यांच्या माना माझ्या सैपाकघराकडं वळल्या.

त्या सैपाकघराबद्दल मला बोलायचं आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली. छावणीत होतो तेव्हा एका खोलीत चूल आणि अंथरूण. गावी आले की जावेच्या चुलीपुढं, तिची पाळी संपल्यावर माझी. हे घर झालं तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, एवढी खोली माझी. भिंतीचा चिखल मी तुडवला, फडताळ मी लिंपलं, खिडकी माझ्या उंचीला ठेवली. तीन महिने झाले होते. नुसती मोकळी बसले असले तरी मी तिथंच जाऊन बसायची.

मी भाकरी थापत होते. बाहेर यांचा आवाज आला, "बोल्ट सोडा. पडवी घराकडं घ्या. दोघं जण कौलं उतरवा." भिंतीला शिडी लागल्याचा आवाज झाला आणि आढ्यावरची माती बदकन भाकरीवर पडली. माझं डोकं फिरलं. तशीच पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिले.

"कौलाला हात लावला तर बघा!"

शिडीवरचा यल्लाप्पाचा माणूस जागच्या जागी थांबला. हे पुढं आले. "अंजना, येळ न्हाई."

"आठ तास हायत."

"दुसरी जागा हाय का?"

"न्हाई. मला बी दिसतंय ते."

"मग?"

"मग मागा."

यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि चेहरा काळवंडला. चार माणसं बघत होती. बांधावर मानसिंगराव मान लांब करून ऐकत होते. पण मला आता थांबता येत नव्हतं.

"त्यांच्या पायरीखाली गेला न्हाई, लय चांगलं केलंत. मी बी गेले नसते. पण आवं, ते निदान माग तरी म्हंत्यात. तुमी तर नुसतं घेताय."

कुणी हसलं नाही. हे वळले आणि गॅरेजात निघून गेले. पाना उचलल्याचा आवाज आला, मग खाली ठेवल्याचा. यल्लाप्पाची माणसं उकिडवी बसून विड्या ओढायला लागली. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास येत होता, पण मी दार सोडलं नाही. अर्धा तास गेला असेल. खरं सांगते, मी घाबरले होते. हा माणूस नाही आला तर माझ्या हट्टापायी काम जाणार, आणि आयुष्यभर ते माझ्याच डोक्यावर बसणार. पंधरा वर्षांची कमाई त्या पत्र्यात होती. मी दोनदा बाजूला व्हायचं ठरवलं. पाय हलले नाहीत.

मग ते आले. उंबऱ्याच्या बाहेर थांबले. मी आत, ते खाली अंगणात. हे मी मुद्दाम केलेलं नव्हतं, पण तसं झालं होतं, आणि आम्हा दोघांनाही ते दिसलं. मी चटकन उंबरा ओलांडून खाली उतरले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"अंजना," ते म्हणाले. "तुझं सैपाकघर मला देतीस का? मागतोय."

मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. तसलं काही वाटलं नाही. रडूच आलं, तेही सगळ्यांसमोर.

"घ्या," मी म्हटलं. "पर चूल मी काढनार. तिला दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई."

मग जे काम चाललं ते विचारू नका. दहापर्यंत कौलं खाली, बारापर्यंत भिंती. उजवीकडची पडवी बोल्ट सोडून इकडं आणली. खड्डे खणायला मीही लागले. यल्लाप्पानं उतार आमच्याच अंगणाकडं काढला, आणि पाणी ओतून बघितलं. एक थेंब भिंतीत शिरला नाही. साडेतीनला शेवटचा पत्रा बसला. मानसिंगराव जेवून परत बांधावर आले होते. आता का आले होते, त्यांनाच ठाऊक.

साहेबांची जीप चारच्या ठोक्याला आली. एक ट्रक गॅरेजात, दुसरा रस्त्यावरून सरळ पडवीत. ड्रायव्हरनं दार पुरतं उघडून दाखवलं. साहेब दोन्हीकडं फिरले, पत्रा हलवून पाहिला, कागदावर सही केली. तेवढ्यात त्यांना पायाखाली शेणानं सारवलेली जमीन दिसली, आणि घराच्या भिंतीवर धुराचा काळा पट्टा.

"इथं आधी काय होतं?"

काही नाही, म्हणाले असते तरी चाललं असतं. यांनी टोपी काढली आणि बांधापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हिचं सैपाकघर हुतं, सायेब. मी हिच्याकडं मागितलं. हिनं दिलं."