चमकत्या पट्ट्यांचं जाकीट

केयूरने पिशवीतून नारिंगी जाकिटं काढली आणि एकेक झटकून स्पीकरवर टाकली. त्यांच्यावरचे रुपेरी पट्टे ट्यूबलाइटखाली लखलखले. ड्रम्समागे बसलेल्या विशालचे हात थांबले.

"रविवारी स्टेजवर सगळ्यांनी हेच घालायचं," केयूर म्हणाला. बँड त्याचा, गाणी त्याची, अंधेरीतली ही सरावाची खोलीही त्याच्याच मामाची. "गटारात उतरणाऱ्यांचं गाणं आहे ना, मग लूक पण तसाच पाहिजे. तोंडाला थोडं ग्रीस फासू. झकास दिसेल."

गिटारवाली तेजल जाकीट अंगाला लावून फोटोही काढू लागली.

"मी नाही घालणार," विशाल म्हणाला.

"का रे?"

"नाही घालणार म्हणजे नाही."

"अरे यार, तू असं बोलतोस? तुझ्या तर घरातलं आहे हे. आम्ही घातलं तर नुसता ड्रेस. तू घातलंस तर खरं वाटेल."

विशालच्या कानशिलांतून जाळ निघाला. दोन वर्षांपूर्वी, एकदाच, चहा पिताना त्याने बाबांच्या कामाबद्दल सांगितलं होतं. केयूरने त्याचं गाणं केलं, तेव्हा विशालला बरंही वाटलं होतं. आपल्याच जिभेला चटका द्यावा असं त्याला आता वाटत होतं.

"नसेल जमत तर आत्ताच सांग," केयूर फोन चाळत म्हणाला. "ड्रमर काय, पन्नास मिळतात."

काठ्या त्याच्या तोंडावर फेकाव्यात आणि चालू पडावं, असं विशालच्या मनात येऊन गेलं. पण असलं मोठं स्टेज मिळायला दोन वर्षं गेली होती, आणि बाबा पहिल्यांदाच ऐकायला येणार होते. त्याने जाकीट सॅकमध्ये कोंबलं. वाकोल्याला पोचेपर्यंत तो केयूरपेक्षा स्वतःलाच जास्त शिव्या घालत होता.

घरी भाऊराव, त्याचे बाबा, जमिनीवर चादर अंथरून निळ्या कोटाला इस्त्री करत होते. हा कोट चौदा एप्रिलचा, लग्नकार्याचा आणि विशालच्या निकालाच्या दिवसांचा. सव्वीस वर्षं हा माणूस कंत्राटदाराकडे गटारात उतरला, पण घरातल्या कुणी त्याला कामाच्या कपड्यांत पाहिलं नव्हतं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचं, नाल्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत कपडे बदलायचे, सुटल्यावर नळावर दोन बादल्या अंगावर ओतायच्या, भांग पाडायचा आणि मगच गल्लीत पाऊल टाकायचं. पोराच्या डोळ्यांपुढे ते कपडे येऊ द्यायचे नाहीत, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण एक दिवस चुकवलं नाही.

आणि रविवारी ते पहिल्या रांगेत बसून पोराला तेच घातलेलं बघणार होते.

सॅकची चेन अर्धी उघडी राहिली होती. भाऊरावांनी नारिंगी कापडाचं टोक धरून ओढलं.

"हे काय रे?"

मग विशालने सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज इतका चढला, की शेजारच्या मीराकाकी दारात येऊन गेल्या. "खरं वाटेल म्हणतो, बाबा! तोंडाला ग्रीस फासून म्हणे खरं वाटेल!"

भाऊरावांनी जाकीट उजेडात धरलं, शिवण ओढून पाहिली, पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

"कापड चांगलं आहे," ते म्हणाले. "आम्हाला कुठलं असलं मिळायला? बनियनवर उतरायचो."

विशाल त्यांच्याकडे बघतच राहिला. शब्द न शब्द पाठ असलेल्या त्या गाण्यात बनियन कुठेच नव्हतं.

"माझ्याबरोबर उतरायचा तो दशरथ अजून जातो," भाऊराव म्हणाले. "पुलाखाली भर रस्त्यात झाकण उघडून बसतात ते. मागच्या महिन्यात एक टेम्पो त्याला घासून गेला. ड्रायव्हर म्हणतो, दिसलाच नाही."

त्यांनी जाकिटाची नीट चौकोनी घडी घातली आणि ती पिशवीत ठेवून पिशवी दाराच्या खिळ्याला टांगली. मग इस्त्रीखालचा कोट उचलून विशालच्या खांद्यांना लावून बघितला.

"बाह्या जरा लांब होतायत."

"आणि तुम्ही काय घालणार?"

"शर्ट आहे की."

रविवारी संध्याकाळी स्टेजमागे केयूर ग्रीस फासून तयार होता. निळ्या कोटात, टाय बांधून आलेला विशाल दिसला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"हे काय घातलंस? लग्नाला आलायस? जाकीट कुठंय?"

"कामावर गेलंय."

"मस्करी नको हां, विशाल."

"मस्करी तू करतोयस."

माइकवर बँडचं नाव पुकारलं गेलं. आता पन्नासातला एकही ड्रमर मिळणार नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. केयूरने दातओठ खात आपल्या बॅगेतून आणखी एक जाकीट काढलं.

"जादाचं आणलंय मी. गुपचूप घाल."

विशालने ते घेतलं. बाबांनी घातली होती तशीच चौकोनी घडी घातली. स्टेजवर जाऊन ती आपल्या स्टुलाखाली ठेवली आणि कोटाचं बटण लावून बसला. पहिल्या रांगेत भाऊराव पांढऱ्या शर्टात ताठ बसले होते.

"अरे, घाल ना!" केयूर दबक्या आवाजात ओरडला.

"दशरथच्या जोडीदाराला होईल," विशाल म्हणाला, आणि त्याने काठ्या उचलल्या.