कोहळा, अकरा किलो

पडणारी वस्तू: बर्फ.
वजन: तीनशे किलो.

इथपर्यंत फॉर्म छापील आहे. पुढचं मी भरायचं.

चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीत मे महिन्यात बर्फ पाडायचा तर आधी तो कासिमेडूच्या मासळी बंदरावरून आणावा लागतो. सहा लाद्या, भुशात गुंडाळून, टेम्पोने. आमच्या कारखान्यात लोखंडी जाळ्या होतात. हिमालयातल्या एका धरणावर कड्यावरून दगड सुटतात, बर्फ सुटतो. तो मजुरांच्या डोक्यात पडू नये म्हणून या जाळ्या. मी अंबुजा, इथली तपासनीस. माझा धाकटा भाऊ रंगा त्याच धरणावर फिटर आहे. जाळी तिथे बांधून झाली आहे; तिच्यासारखीच एक इथे तपासणीला टांगली आहे. माझी सही पोचली की रंगा आणि बाकीचे तिच्याखाली कामाला उतरणार.

वजन (खोडून): दोनशे दहा.

"नव्वद किलो गेले कुठे?" मालक पुरुषोत्तम म्हणाले. मूळचे पुण्याचे. चेन्नईत बारा वर्षं काढली, तमिळ आलं नाही.

क्रेनवाल्या वेंकटने जमिनीकडे बोट दाखवलं. एक मांजर पाणी चाटत होतं. पाण्याला माशांचा वास होता.

"मग तेही धरा की! बादल्या आणा. बर्फ अधिक पाणी, झाले तीनशे. बर्फ घट्टच हवा असं फॉर्मात कुठे लिहिलंय, अंबुजाबाई?"

लिहिलं नव्हतं.

उंची: पंधरा मीटर.
निकाल: बर्फ जाळीच्या मधोमध पडला, जाळीने झेलला. पाणी आरपार गेलं.

"अय्यो, पाणी का नाही अडलं?" वेंकट तमिळमध्ये म्हणाला आणि स्वतःच हसला. "पाणी अडवायला तर धरण आहे!"

"काय म्हणतोय?"

"जाळी चांगली आहे म्हणतो," मी म्हटलं.

"मग करा सही."

"दोनशे दहाच किलो पडलं, साहेब. तेही मधोमध. कोपऱ्यांस कोणी हात लावला नाही. ही सही मज जमायची नाही."

"तुमचं तंजावरचं मराठी ऐकलं की दरबारात उभा असल्यासारखं वाटतं मला. करा हो. आधी दृष्ट काढू, मग करा."

ऑर्डर पुरी होताना दृष्ट काढायची, हा आमच्या शेडचा रिवाज. कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू, वर कापूर, तीनदा ओवाळायचा आणि फाटकापाशी आपटायचा.

"क्रेन असताना हाताने कशाला?" पुरुषोत्तम म्हणाले. "वरून सोडा. ऑर्डर मोठी, दृष्टही मोठी."

"कोहळा जमिनीवर फोडतात, आभाळात नाही," वेंकट कुरकुरला.

"घे वर," मी त्याला तमिळमध्ये सांगितलं. "आणि जाळीच्या कोपऱ्यावर सोड."

छापील फॉर्मात जागा नव्हती. समासात लिहिलं.

पडणारी वस्तू: कोहळा.
वजन: अकरा किलो.

कोपऱ्यात दोरखंड धरून ठेवणारी लोखंडी पकड उघडली. दोरखंड सटकला, कोपरा लोंबकळला, कोहळा जमिनीवर फुटला. कुंकू पुरुषोत्तमांच्या पांढऱ्या बुटांवर.

"हे धरायचं नाही हं! धरणावर काय कोहळे पडतात?"

"अकरा किलोचे दगड पडतात."

"मग दगड लिहा. आणि पास लिहा."

"दगड पडला नाही, साहेब. पडलं ते लिहितात."

"म्हणजे कोहळ्यामुळे नापास? आपल्याला हसतील ते!"

"हसू देत."

ते बूट धुवायला नळावर गेले. तेवढ्यात मी निकालापुढे 'नापास' लिहिलं, सही केली, फोटो काढला आणि धरणाच्या कार्यालयाला पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

"विषय: कोहळ्यांचा धोका. आमच्या कड्यावर कोहळ्याचे वेल असल्याची नोंद नाही. तथापि खात्री होईपर्यंत कड्याखालील सर्व काम बंद ठेवण्यात येत आहे. पाहणीसाठी समिती नेमली आहे."

पकडीबद्दल एक अक्षर नव्हतं. मी लगेच पुन्हा लिहिलं, पकड बदला, पकड. उत्तर आलं: समितीच्या अहवालानंतर.

"हिमालयात कोहळे शोधतायत, बाई!" पुरुषोत्तमांनी कपाळाला हात लावला.

"शोधू देत. सावकाश शोधू देत."

दुपारी डबा उघडला तोच रंगाचा फोन.

"अक्का, काम बंद. तंबूत बसून उप्पुमा खातो आहे. वर एक शिपाई उभा केला आहे. कोहळा दिसला की शिट्टी मारायची."

"तू खाली जाऊ नकोस."

"कशास जाऊ? उप्पुमा बरा—"

फोनमधून गडगडाट आला. बराच वेळ आला. मग भांडं पडल्याचा आवाज, मग काहीच नाही.

"रंगा? रंगा!"

"शिट्टी वाजली नाही, अक्का."

"मग काय होतं ते?"

"बर्फ."

"जाळी?"

"मधोमध धरली. कोपरा उघडला. त्या अंगाने सगळं खाली आलं."

"खाली कोण होतं?"

"कोण असणार? सगळे इथेच तर. कोहळ्याची वाट बघत."