अंगठ्याखालचं बटण

वादळ होऊन चार दिवस झाले, तरी परसातल्या झाडाची मोडलेली फांदी तशीच लोंबत होती. एक टोक खोडाला अर्धवट चिकटलेलं, दुसरं कुंपणाच्या भिंतीवर टेकलेलं, आणि जाडी माणसाच्या मांडीएवढी. झाडं तोडणारे आठवडाभर तरी फिरकणार नव्हते, कारण घरोघरी हीच तऱ्हा होती. आणि अप्पांना एवढा धीर कुठला?

अप्पा म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. घरातलं एकूण एक दार, कपाट, पलंग त्यांच्या हातचा. तोच उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरायला लागला होता. कपातला चहा बशीत सांडायचा, शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागायची. पण त्याबद्दल घरात कुणी ब्र काढत नसे. नवरा सहा-सहा महिने बोटीवर, त्यामुळे न बघितल्यासारखं करायचं काम तिच्या एकटीच्या वाट्याला आलेलं.

"इलेक्ट्रिक करवत आणू. अर्ध्या तासाचं काम आहे," अप्पांनी जाहीर केलं.

नाही म्हणावं, तर ती लॅबमध्ये ड्यूटीवर गेल्यावर ते हातकरवत घेऊन भिंतीवर चढायला कमी करणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून शनिवारी दोघं दुकानात गेले.

दुकानदाराने काउंटरवर करवती मांडल्या. "ही वायरची. ताकद भरपूर, पण काम करताना वायर पायात येते. ही बॅटरीची, चेन फिरते ती पट्टी सोळा इंची. आणि या दोन दहा इंची, वजनाला हलक्या. घरच्या कामाला बहुतेक लोक दहा इंचीच नेतात. चालवणार कोण?"

"मी," दोघं एकदमच म्हणाले.

दुकानदार हसला. अप्पा हसले नाहीत. त्यांनी सोळा इंची करवत उचलली आणि पट्टीचं टोक हवेत थरथरायला लागलं. त्यांनी दात आवळले, डावा हात पुढे घेतला, तरी टोक काही थांबेना. दुकानदाराने उगाचच बिलाचं पुस्तक उघडलं. अप्पांनी करवत हळूच खाली ठेवली.

"तोल बरोबर नाही हिचा," ते म्हणाले.

"मग या लहान बघा. मुठीच्या बाजूला हे बटण आहे. अंगठ्याने दाबून धरलं तरच खटका ओढता येतो. चुकून सुरू व्हायला नको ना!"

तिने दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. एकीचं बटण सहज दाबलं जात होतं. दुसरीचं भलतंच कडक. तिने ते पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा. परवाच अप्पांना पाकिटातली गोळी अंगठ्याने दाबून काढता आली नव्हती. कात्रीने कापून घेतली होती त्यांनी, ती स्वयंपाकघरात नाही असं समजून.

"हीच घेऊ, अप्पा," कडक बटणाची करवत पुढे करत ती म्हणाली. "तुमच्या हाताला हलकी आहे."

बोलून गेली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. अप्पांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

घरी येऊन त्यांनी बॅटरी न लावताच करवत धरून पाहिली. अंगठा बटणावरून घसरला. पुन्हा घसरला. "उद्या मी कापते, तुम्ही फक्त सांगा," ती म्हणाली. "बरं," ते म्हणाले. एवढ्यावर भागलं म्हणून तिचा जीव भांड्यात पडला.

सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ओला टॉवेल झटकत असताना खालून मोटरचा आवाज आला. तिला आधी खरंच वाटेना. बटण दाबलं कसं? तेवढ्यात आवाज जड झाला, घरघरला आणि बंद पडला. नंतर काहीच नाही. हाक नाही, ओरडणं नाही.  टॉवेल तिथेच टाकून ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावली.

अप्पा भिंतीला पाठ लावून उभे होते. अर्धी कापलेली फांदी मधोमध खचून खाली आली होती आणि तिच्या एका जाड फाट्याने त्यांची मांडी भिंतीशी दाबून धरली होती. करवत कापात रुतलेली. मुठीवर त्यांचा उजवा हात, आणि दाबलेल्या बटणावर काळी चिकटपट्टी, चार-पाच वेढे घालून घट्ट आवळलेली. खटक्यावरचं बोट थरथरत होतं. ते थरथरलं की चेन हिसका द्यायची. खट्. मग पुन्हा खट्. प्रत्येक हिसक्याला फांदी करकरत होती.

"अप्पा, हात सोडा!"

"सुटत नाही," ते म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता. "बोटं आखडलीत. आधी बॅटरी काढ."

बॅटरीपर्यंत पोचायचं तर चेनजवळून हात घालावा लागणार होता. तिने दोन हिसक्यांच्या मधली वेळ पाहिली, श्वास रोखला आणि हात घातला. खाच दाबली. बॅटरी निघाली. मग लॅबमध्ये घाबरलेल्या पेशंटची मूठ सोडवतात तशी तिने त्यांची बोटं एकेक करून उलगडली.

फांदी आणखी बोटभर खचली. अप्पा कळवळले.

"शेजारी कुणाला बोलावते."

"तेवढ्यात पाय जाईल माझा. गाडीतला जॅक आण. आणि एक फळी. माती ओली आहे, नुसता जॅक आत जाईल."

तिने धावत दोन्ही आणलं. फळी टाकून जॅक फाट्याखाली सरकवायला गेली.

"तिथे नको!" अप्पा ओरडले. "फांदी माझ्याच अंगावर लोळेल. अलीकडे घे, खोडाकडे. अजून. हां, आता फिरव. सावकाश."

ती फिरवत राहिली. घामाने दांडा हातातून निसटत होता. फांदी करकरली, थांबली आणि केसाएवढी वर गेली. मग बोटभर. "निघाला," अप्पा पुटपुटले, पाय ओढून घेतला आणि तिथेच मातीत बसले.

तिने त्यांना अंगणातल्या खुर्चीपर्यंत नेलं, पायजमा वर केला. मांडी काळीनिळी झाली होती, कातडी सोलवटलेली, पण पायाची बोटं हलत होती. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

"माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली. "तुम्हाला ते बटण दाबता येऊ नये म्हणूनच ही घेतली मी."

"ठाऊक आहे. दुकानात तीनदा दाबून पाहिलंस."

"मग तिथेच का नाही बोललात?"

"तू तरी कुठे बोललीस?" अप्पांचा आवाज चढला. "तोंडावर सांगायचं, अप्पा, तुमच्याच्याने होणार नाही. भांडलो असतो मी. दोन दिवस जेवलो नसतो. पण ती चिकटपट्टी लावली नसती."

तिने डोळे पुसले.

"मूर्खपणा माझाच," थोड्या वेळाने ते हळू आवाजात म्हणाले. "कापही चुकीचा घेतला. दोन्हीकडून टेकलेल्या लाकडाला नुसतं वरून कापायचं नसतं, हे पोरालाही कळतं."

फांदी उचलल्यावर कापात सैल झालेली करवत तिने ओढून काढली आणि बटणावरची चिकटपट्टी सोलून टाकली. आधी दवाखान्यात जाऊ, असं ती म्हणाली. पण फांदी अशी टांगलेली ठेवून अप्पा जागचे हलेनात. मग तिने बॅटरी परत लावली, ते खुर्चीतून सांगत गेले आणि ती कापत गेली. भिंतीकडच्या टोकापासून, जॅकला न हलवता, हात-हात लांबीचे तुकडे. "जोर लावू नकोस. तिचं वजन तिलाच लावू दे. पाय मागे, पाय मागे घे म्हणतोय ना!" शेवटचा तुकडा पडला तेव्हा तिचे दोन्ही दंड भरून आले होते.

दुपारी दवाखान्यात पायाचा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला, मग त्यांची नजर टेबलावर ठेवलेल्या अप्पांच्या हाताकडे गेली.

"हे कधीपासून आहे?"

अप्पांनी सुनेकडे पाहिलं. ती गप्प राहिली. या वेळी न बघितल्यासारखं करून नव्हे, त्यांनी बोलावं म्हणून.

"वर्ष झालं," अप्पा म्हणाले. "आता बटणंही लागत नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि एकेक विचारायला सुरुवात केली. अप्पा सांगत गेले. कप, बटणं, गोळ्या, सही. कप पहिल्यांदा कधी सांडला ते आठवेना, तेव्हा तारीख सुनेने सांगितली.


परतीच्या वाटेवर ती गाडी चालवत होती. अप्पांनी विचारलं, "तुकडे कुठे टाकलेस?"

"तिथेच, भिंतीशी."

"उन्हात तडकतील. घरी गेल्यावर सावलीत रच. मी सांगतो कसे ते."